शेवाळाची राखण

कान्हूला मिळणार होती धाटावच्या केमिकल कंपनीत कायम नोकरी. फोटो लावलेलं कार्ड, कँटीनचं जेवण, शिफ्टच्या बसमध्ये खिडकी. खिडकीसाठीच माणूस तयार झाला, असं त्याची बायको काशीबाई म्हणते. बदल्यात त्याने पेणच्या खाडीकाठचं आपलं मिठागर वर्षभर कंपनीला प्रयोगासाठी दिलं. हे चौऱ्याण्णव सालचं.

वाफ्यांत टँकरने कारखान्याचं सांडपाणी आलं. कंपनीच्या प्रवीणसाहेबांनी त्यात कॅनभर हिरवं पाणी ओतलं. "हे शेवाळ घाण खातं आणि वाढतं. मग त्याचं तेल काढायचं, त्यावर इंजिन चालवायचं."

कान्हूने मान डोलावली. साहेबासमोर ती आपोआप डोलते.

"काय समाजलं तुमाला?" काशीबाईने घरी विचारलं.

"पानी साफ व्हतंय. मंग तेल येतंय."

"कुठनं?"

"ता साहेबाला ठाव. तू गप गो."

तीन महिन्यांत वाफ्यांवर हिरवी साय धरली. साहेब खूश. "मंगळवारी मुंबईहून मोठे साहेब येतायत. तेव्हाच तुझ्या नोकरीचं बोलतो. सगळं नीट ठेव."

आता मिठागर नीट ठेवणं कान्हूला कोणी शिकवायला नको. कोणी बघायला येणार म्हटलं की हिरवं ओढून काढायचं, तळ दिसला पाहिजे. हिरव्या पाण्याचं मीठ घेतं कोण? सोमवारी नवराबायकोने फळ्या घेतल्या आणि सगळी साय ओढून बांधावर टाकली. रात्री कंबर धरून झोपली दोघं.

मंगळवारी मोठे साहेब वाकून म्हणाले, "पाणी तर नितळ आहे! शेवाळ कुठाय?"

कान्हूने ऐटीत बांधावरचा काळा पडलेला, घाण मारणारा ढीग दाखवला. "एक कण ठेवला नाय, साहेब."

"अरे, पीक ते होतं!" प्रवीणसाहेब ओरडले.

"पीक? मंग पानी कशाला साफ करीत व्हतो?"

"दोन्हीसाठी!"

"मग प्रयोग जमला की फसला?" मोठ्या साहेबांनी विचारलं. प्रवीणसाहेब त्यांना घाईघाईने गाडीकडे घेऊन गेले. कान्हूच्या नोकरीचं बोलणं राहूनच गेलं.

कंपनीने नितळ पाण्याचा फोटो अहवालात छापला आणि प्रयोग गुंडाळला. प्रवीणसाहेबांची बदली झाली. पुढच्या हंगामात कान्हूचं मीठ पिवळं उतरलं, वासाचं. पेणच्या बाजारात त्याला कोणी हात लावला नाही. धाटावच्या गेटवर तो दोनदा जाऊन आला, तिथे त्याचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. आता दोघं दुसऱ्याच्या मिठागरात पाट्या वाहतात.

कंपनीचं गेलं ते टँकरचं भाडं. बाकी सगळं कान्हूने भरलं.