खिडकीचं माप

“ह्याला शिवण म्हणायची? नुसता दोरा फिरवलाय,” उशीचा अभ्रा उलटापालटा करत आत्या पुटपुटली. शेजारच्या पलंगावरच्या मास्तरीणबाईंचं म्हणणं, ती उशी आठवडाभर शहाण्यासारखी असते, रविवारी भाची आली की उसवते.

वृद्धाश्रमात येण्याआधी आत्याने जन्मभर अख्ख्या गल्लीचे कपडे शिवले. मशीन खिडकीपाशी असायचं. मी खिडकीत बसून चिंध्यांच्या बाहुल्या करायचे. माझ्या फ्रॉकला ती खाली अशी घसघशीत दुमड ठेवायची, की दर वर्षी थोडी उसवली की फ्रॉक पुन्हा मापाचा. जुन्या घडीची रेघ मात्र जात नसे. शाळेतल्या मुली त्या रेघा मोजून माझं वय सांगायच्या.

आता त्या घराला रंग लागतोय, असं आम्ही तिला सांगत होतो. घर आतेभावाने केव्हाच विकलं होतं. विषय निघाला की तो पाण्याचा ग्लास भरून आणायला उठायचा, आणि मी भित्री भागूबाई, भिंतींना रंगाचा आणखी एक हात द्यायचे.

मागच्या खेपेला तिने फर्मावलं, नव्या रंगाला जुने पडदे शोभायचे नाहीत; माप घे, कापड आण, पुढचं मी बघते. आता परक्यांच्या घरात टेप घेऊन कुठल्या तोंडाने शिरू? माझ्याच स्वयंपाकघरातली खिडकी मोजली आणि कापड फाडून आणलं. खिडकी ती खिडकी, म्हटलं.

आत्याने कापड मांडीवर पसरलं. वितीने मोजलं. पुन्हा मोजलं. मग सुई माझ्यापुढे धरली. मी दोरा ओवून दिला, ती दुमड घालू लागली. चांगले चार-पाच टाके झाल्यावर तिने मान वर न करताच विचारलं,

“ठमे, ही कुणाची खिडकी गं?”

तुझीच की, मी म्हटलं. मास्तरीणबाईंनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

“माझ्या खिडकीत तू पाय पसरून बसायचीस. भिंतीला पाठ टेकून, ऐसपैस.” तिने कापडावरून हात फिरवला. “ह्यात तुझे पाय मावायचे नाहीत.”

मी पाण्याच्या ग्लासाकडे बघितलं. तो काठोकाठ भरलेला होता.

“आत्या,” मी म्हटलं, “घर विकलं.”