कोपऱ्याचे तेवीस फोटो

रघुरामरावांची डिस्क भरली तेव्हा ती साफ करायचं काम कीर्तनाकडे आलं. कीर्तना त्यांची सून. लग्नाला सात महिने झालेले, चेन्नईच्या कंपनीचं काम तंजावुरात घरी बसून करायची. संगणकाचं जे काही असेल ते तिचं, असं घराने ठरवून टाकलं होतं.

"अडतीस हजार फोटो आहेत," रघुरामराव म्हणाले. "जास्तीचे काढ, लागतात ते ठेव."

"लागतात ते कुठले, अप्पा?"

"ते काय सांगू? सगळेच."

तिने आधी हातानेच काढले. बोट आडवं आलेले, हललेले, नुसत्या भिंतीचे, नुसत्या जमिनीचे. मग एकसारखे फोटो हुडकणारा प्रोग्राम लावला. जेवण होईपर्यंत त्याने नऊ हजार शोधून ठेवले होते. पहिले शे-दीडशे तिने नीट पाहिले. एकाच पायसमच्या वाटीचे सहा, बसमधल्या एकाच झोपेचे चार. मग तिचा विश्वास बसला. सगळे निवडले आणि कायमचे पुसले. डिस्कमध्ये जागा झाली. सासऱ्यांनी स्वतः कॉफी करून वर आणून दिली.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. उद्यापासून नवरात्र, म्हणून सासूबाईंनी, मंगलाबाईंनी, कोलूच्या बाहुल्यांची ट्रंक उघडली. दिवाणखान्याच्या कोपऱ्यात नऊ पायऱ्या, पायऱ्यांवर धोतरासारखी पांढरी वेष्टी, वेष्टीवर बाहुल्या, अशी या घरची मांडणी.

"गेल्या सालचा फोटो काढ गे. दशावतार कुठल्या पायरीवर होते, बघू."

कोलूच्या फोल्डरात एकच फोटो होता.

काय झालं ते कीर्तनाला लगेच कळलं. दर साली तोच कोपरा, त्याच पायऱ्या, तीच समई. दर साली संध्याकाळी सहाला रघुरामराव त्याच दारात उभे राहत, उजवा पाय फरशीच्या एका फटीवर ठेवत, कॅमेरा छातीशी धरत आणि एक फोटो काढत. यंत्राला ती सगळी एकच संध्याकाळ वाटली. त्यातली सर्वांत स्वच्छ तेवढी त्याने ठेवली.

लग्नामुंजींचे फोटो कुठल्या ना कुठल्या नातेवाइकाकडे सापडले असते. ते लोकांनी मागितले म्हणून रघुरामरावांनी काढलेले. कोलूचे कोणी मागितले नव्हते, आणि ते दुसरीकडे कुठेही नव्हते.

तिने डिस्कची वायर काढून घेतली. पुसल्यावर डिस्कवर नवं काही लिहू द्यायचं नाही, एवढं तिला ठाऊक होतं.

"अम्मा, डिस्कला थोडा वेळ लागेल."

"लागू दे. मीपण ट्रंक ओढून दमलेच आहे."

रघुरामराव ओट्यावर तमिळ पेपर वाचत होते.

"अप्पा, कोलूचे फोटो पुसले गेले. मी पुसले."

त्यांनी पेपरची घडी केली. "किती?"

"एक उरला."

"आणि कशासाठी?"

"एकसारखे आहेत म्हणून."

"एकसारखे यावेत म्हणून तर त्या फटीवर पाय ठेवत होतो," ते म्हणाले. मग, "म्हणजे जमलं होतं."

यात राग होता की नाही, ते तिला कळलं नाही.

पुसलेलं परत काढणारा प्रोग्राम सकाळपासून चार वाजेपर्यंत डिस्क चाळत बसला. मांडणीही तोवर थांबली. एकवीस फोटो परत आले, पण नावं आली नाहीत. नावाच्या जागी नुसते आकडे. कॅमेऱ्यातली तारीखही कामाची नव्हती. बॅटरी काढली की तो जुना कॅमेरा दर वेळी एक जानेवारी दोन हजार दोनवर जाऊन बसायचा. खरं साल रघुरामराव हाताने नावात लिहीत, आणि तेच गेलं होतं.

मंगलाबाई हळदीच्या हातांनी येऊन बसल्या. "सरक जरा."

दर साली एक नवी बाहुली घ्यायची आणि त्या साली तिला खालच्या पायरीवर मधोमध बसवायची, ही त्यांची रीत.

"ही मरप्पाची म्हणतात ती लाकडाची जोडी, माझ्या माहेरची, ते पहिलं साल, दोन हजार दोन. हा चेट्टियार, दुकान मांडून बसला, ते दुसरं साल. हा उंट, तिसरं साल."

"उंट कशाला, अम्मा?"

"तुझ्या नवऱ्याला हवा होता. सात वर्षांचा घोडा, रस्त्यात लोळला. आज विचार त्याला, नाही म्हणेल. ही डोलणारी बाई, तुझ्या नणंदेचे, हरिताचे कान टोचले ते साल."

त्या सांगत गेल्या, कीर्तना लिहीत गेली. दोन हजार दहाच्या पुढच्या फोटोला तिने अकरा लिहिलं.

"ते बारा," मंगलाबाई म्हणाल्या. "अकरात कोलू नव्हता. वादिराज गेला ना, यांचा धाकटा भाऊ. भाद्रपदात. पायऱ्या तोच बांधायचा."

शेवटच्या फोटोला चोवीस आलं. उरलेला एक धरून मंगलाबाईंनी बोटांवर मोजलं. "बावीस. सगळे आले की."

"तेवीस," दारातून रघुरामराव म्हणाले. "अकराचा होता."

"कशाचा? काहीच मांडलं नव्हतं."

"कोपऱ्याचा."

चौदा वर्षांत हे मंगलाबाईंना माहीत नव्हतं.

"तो मी हाताने काढून टाकला, अप्पा," कीर्तना म्हणाली. "नुसती भिंत होती. चुकून बटण दाबलं गेलं असेल, असं वाटलं."

तिने पुन्हा शोधलं. एकवीसच होते.

"अहो, कोपरा आत्ताही रिकामाच आहे," मंगलाबाई म्हणाल्या. "उभे राहा. काढा."

रघुरामरावांनी कॅमेरा आणला. फटीवर पाय ठेवला, कॅमेरा छातीशी धरला. मग खाली घेतला.

"हा आजचा येईल," ते म्हणाले. "मांड तू." कीर्तनाला म्हणाले, "अकराचं साल मात्र राहू दे. आत काही नको."

फोटोच नाही तर नाव कशाला देणार? म्हणून तिने प्रत्येक सालाचं वेगळं फोल्डर केलं. प्रत्येकात एकेक फोटो, २०११मध्ये काही नाही.

दसऱ्यानंतर तिने दुसरी डिस्क घेतली आणि सगळं तिच्यावर उतरवलं. कॉपी करणाऱ्या प्रोग्रामने यंदाचं धरून तेवीस फोल्डर नेले. रिकामं तेवढं सोडून दिलं. ते तिने नव्या डिस्कवर हाताने केलं. साल टाइप केल्यावर ते दहा आणि बाराच्या मधे आपोआप जाऊन बसलं.