आप्पांनी रिजेक्ट केलेली फळी

मी एक जुनी सागवानी फळी आहे. नीट सांगायचं तर, होते. आज मी एका गिटारची मान आहे. कारागीर तिला नेक म्हणतात. मित्रांनो, फळी आणि मान यांच्या मधे पाणी तापवायचा एक बंब येतो. त्याचीच ही हकिगत.

माझी तीस वर्षं भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये गेली. मी तिथल्या कामाच्या टेबलाची फळी होते. माझ्यावर हातोडे आपटले, ऑइल सांडलं, रोज अकरा वाजता चहाचे ग्लास टेकले. माझं कौतुक एकदाच झालं. “काय जड टेबल आहे राव!” ते उचलून बाहेर नेणारे हमाल म्हणाले. वर्कशॉप चाकणला गेलं होतं. तिथे लोखंडी टेबलं आली आणि मी भंगारात आले.

भंगारवाल्याकडून मला विजयश्रीनं आणलं. भोसरी गावठाणात, घरासमोरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती गिटार बनवते. लाकूड तपासायला तिनं वडिलांना बसवलं होतं. मारुतराव, म्हणजे घरचे आप्पा, गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत छत्तीस वर्षं क्वालिटीला होते. रिटायर झाल्यावर ते घरातल्या कपांचे कान मोजू लागले, तेव्हा विजयश्रीनं त्यांना हे काम दिलं.

आप्पांकडे दोन कागद असत. हिरवा म्हणजे पास, लाल म्हणजे रिजेक्ट. लाल कागदाचं लाकूड अंगणातल्या बंबात जाई. त्या महिन्यात घरात कुणाला आंघोळीला गरम पाणी कमी पडलं नाही.

माझी पाळी आली. माझ्या एका टोकाला वाटाण्याएवढी गाठ आहे.

“डिफेक्ट,” आप्पा म्हणाले.

“आप्पा, गाठ कुठे आहे ते बघा ना. टोकाला आहे, घट्ट आहे. तिथे तारा ताणायच्या खुंट्यांचा भाग येतो. मधे असती तर मीच नको म्हटलं असतं.”

“ड्रॉइंगमध्ये गाठ आहे का?”

“ड्रॉइंगमध्ये गाठ कशी असेल?”

“मग रिजेक्ट.”

हिरवा कागद माझ्या शेजारणीला मिळाला. तिच्यावर डाग नव्हता, गाठ नव्हती. विजयश्रीनं तिला कडेवर उभं करून पाहिलं.

“हिच्या रेषा तिरक्या चालल्यात, आप्पा. मान पीळ खाईल.”

“फिनिश बघ, फिनिश!”

विजयश्रीनं तीच फळी मानेसाठी घेतली. आप्पा रिटायर झाल्यापासून प्रथमच रोज इस्त्रीचा शर्ट घालून शेडमध्ये येत होते. तिच्यानं पुढे बोलवेना.

मी बंबाशेजारच्या ढिगात पडले. रोज वरची एकेक फळी कमी होत होती. मोजायला मला कुणी शिकवलं नव्हतं, पण तेवढं जमलं.

एका रविवारी मी एकटीच उरले. आप्पा टॉवेल गुंडाळून आंघोळीची वाट बघत शेडमध्ये शिरले. शेजारणीची मान तयार होऊन टांगलेली होती. सवयीनं त्यांनी तिच्यावर स्टीलची पट्टी ठेवली. पट्टीखालून उजेड दिसला. दुसऱ्या बाजूनं ठेवली, तिथूनही दिसला. मानेनं पीळ खाल्ला होता.

आप्पांनी पट्टी खाली ठेवली. मग त्यांनी शेडमधल्या गठ्ठ्यातून लाल कागद काढला, मानेवर चिकटवला आणि त्यावर लिहिलं: ‘कारण – तपासणाऱ्याने चेहरा पाहिला, कड पाहिली नाही.’ खाली स्वतःचं पूर्ण नाव लिहून सही केली.

इकडे आप्पांच्या पत्नी इंदुताईंनी माझ्यावर कुऱ्हाड उचलली होती.

“थांब! ती पास आहे!” आप्पा टॉवेल सावरत धावत आले.

“लाल कागद हाय की हिच्यावर. तुमीच चिकटवलाय.”

“चुकलो मी.”

कुऱ्हाड तशीच हवेत राहिली. “काय म्हनला?”

“आधी कुऱ्हाड खाली ठेव.”

“न्हाई. आधी म्हना. विजू, भाईर ये गं, ऐकून जा! चाळीस वर्सांत पयल्यांदा बोलल्यात!”

विजयश्री बाहेर आली. आप्पांनी एकदा कुऱ्हाडीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

“चुकलो,” ते स्पष्ट म्हणाले. मग मला उचलून त्यांनी माझी कड डोळ्यासमोर धरली, एक डोळा मिटला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. माझ्या रेषा दोरीसारख्या सरळ होत्या. “विजू, हे मला आधी का नाही शिकवलंस?”

“तुम्ही शिकवू दिलंत का?” विजयश्री हसली आणि मला शेडमध्ये घेऊन गेली. आप्पांनी त्या दिवशी गार पाण्यानं आंघोळ केली. आतून जोरजोरात श्लोक ऐकू येत होते.

आता मी निगडीला, ही गिटार विकत घेतलेल्या मैत्री नावाच्या मुलीकडे असते. ती रोज वाजवते, वाजवून झाल्यावर मला कपड्यानं पुसते आणि उन्हात सोडत नाही. माझी गाठ खुंट्यांजवळ दिसते. तारांचा ताण मी निमूट सोसते.

मित्रांनो, एवढंच मागणं आहे. दोष दिसला तर तो कुठे आहे आणि तिथे काय बिघडवतो, हे आधी विचारा. घाई करू नका. फळी जळायला पाच मिनिटं पुरतात. मला नीट सुकायला तीस वर्षं लागली होती.