अडकित्त्यानं कापलेल्या गोळ्या

विज्ञान प्रदर्शनात तालुक्यातून पहिली आल्यापासून मला बोलायला नुसतं निमित्त लागायचं. बोदलकसा जलाशयाजवळच्या आमच्या टोलीत, म्हणजे छोट्या वस्तीत, कोणाचं पित्त वाढो की कोणाचा मोबाईल बिघडो, मोनालीकडे उत्तर तयार. आबाजींच्या छातीच्या गोळ्या तर मी स्वतःहून मागून घेतल्या. आबाजी म्हणजे माझे आजोबा, उदेभान. जलाशयावर मासे धरतात. चालताना छाती आवळून यायची, म्हणून तिरोड्याच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना रोज सकाळी एक गोळी लावून दिली होती.

मी विचार केला, दुखणं काय सकाळ बघून येतं? रात्री आलं तर? शेजारच्या भागीरथाकाकीचा सुपारीचा अडकित्ता आणला आणि प्रत्येक गोळीचे दोन तुकडे केले. अर्धी सकाळी, अर्धी रात्री. चोवीस तास बंदोबस्त. काकीच्या घरी बिसरामकाकांनाही तीच गोळी होती. त्यांचंही अख्खं पाकीट कापून डबीत भरून दिलं. "पोरगी डॉक्टरपेक्षा हुशार हाय," काकी म्हणाली. मी नाही म्हटलं नाही.

पाचव्या दिवशी आबाजी काठावर जाळं आवरून उठले आणि डोळ्यांपुढं अंधारी येऊन तिथंच पडले. कपाळ फुटलं.

मॅडमनी टाके घातले, बीपी बघितला. "गोळी कशी घेता?"

"तुमी सांगतलं तशी," आबाजी म्हणाले. माझ्याकडे बघितलंच नाही.

"मग ही तुम्हाला सोसत नाही. बंद करावी लागेल."

"करा ना बाई."

आणि त्या गोळीनं तर ते महिनाभर न थांबता काठापर्यंत चालत होते. नातीचं नाव जाऊ नये म्हणून लागू पडलेलं औषध सोडायला निघाले होते. दोनशे माणसांपुढं माईक धरणारी मी शेवटी फरशीकडे बघत म्हणाले, "मॅडम, मी कापून देत होते. अर्धी सकाळी, अर्धी रात्री."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "का?"

"रात्रीही पुरावी म्हणून."

"ही गोळी दिवसभर थोडी थोडी विरघळते. अशी फोडली की औषध एकदम अंगात उतरतं, बीपी पडतो. आणि रात्रीची सुट्टी मी मुद्दाम ठेवली आहे. सतत मिळालं तर शरीर त्याला जुमानत नाही. विचारायचं होतंस."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"जाऊ द्या बाई, लेकरू हाय," आबाजी म्हणाले. त्यानं तर मी आणखीच मेले.

"अजून कोणाला कापून दिल्यास?"

मी बिसरामकाकांचं नाव सांगितलं. मॅडमनी त्यांच्यासाठी नवं पाकीट हातात ठेवलं. "रात्रीचा तुकडा घेऊ देऊ नकोस. सकाळी एक अख्खी गिळायची. आणि मग त्यांना इकडे घेऊन ये, बीपी बघू."

दिवेलागणीला काकीच्या दारात पोचले तेव्हा काका जेवून उठत होते. ताटाजवळ तुकडा काढून ठेवलेला. मी उंबऱ्यावरूनच सगळं सांगून टाकलं, आबाजी कसे पडले तेही. काका पुन्हा खाली बसले.

काकीनं डबी माझ्या हातात ठेवली. मग कनवटीचा अडकित्ता काढला.

"हा बी ने. याच्यानं कापलेलं आता काई नको. सुपारी आमी दातानं फोडू."