दिसली की परत

शोकेस बनवणाऱ्या माणसाच्या मनात पाल पाळायचं आलं, तर तो तिला ठेवणार कुठं? शोकेसमध्येच. मिस्त्रींनी तेच केलं आणि तिथंच सगळा घोळ झाला.

पाल म्हणजे भिंतीवरची नव्हे हो. लेपर्ड गेको. पिवळं अंग, त्यावर काळे ठिपके, जाडजूड शेपटी आणि तोंडावर कायमचं मिश्कील हसू. पाळीव प्राण्यांच्या दुकानात फळ्या ठोकायला गेले असताना मिस्त्रींची आणि तिची नजरानजर झाली. तिनं सावकाश डोळे मिटले, उघडले, आणि साठीला टेकलेले मिस्त्री पार विरघळले. उभ्या जन्मात त्यांनी लोकांच्या घड्याळांना, बुटांना, केकांना काचेची घरं बांधून दिली होती. आत ठेवावं असं स्वतःचं काही त्यांच्याकडे कधी नव्हतंच, आणि त्याचं त्यांना मनापासून वाईट वाटायचं.

अडचण एकच होती आणि ती स्वयंपाकघरात उभी होती. मिस्त्रींची थोरली बहीण, इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. लग्न दोघांनीही केलं नव्हतं. घर दोघांचं, हुकूम ताईंचा. रोज दिवेलागणीला त्या अजूनही वॉर्डात मारावी तशी घरभर फेरी मारायच्या. नळ, गॅस, खिडक्या आणि मिस्त्रींचे न धुतलेले पाय, सगळं तपासून व्हायचं.

"पाल?" ताई म्हणाल्या. "या घरात एक आळशी प्राणी पुरे आहे."

"माझ्या खोलीत राहील, ताई. तुला दिसणारसुद्धा नाही."

"बरं. पण एकदा जरी मला दिसली, की परत दुकानात."

मिस्त्रींनी मुकाट मान डोलावली. ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे ते लहानपणीच धपाटे खाऊन शिकले होते.

मग त्यांनी जीव ओतून पेटी केली. तीन बाजूंना आरसे, वरून झगझगीत दिवे, तळाला पांढरा सनमायका आणि मधोमध गोल चौथरा. मखमल तेवढी राहिली. गेकोला चौथऱ्यावर बसवली की आरशांत तिचं सगळं खानदान हजर व्हायचं. एवढी देखणी पेटी, पण ताईंच्या चपलांचा आवाज आला की मिस्त्री धावत जाऊन तिच्यावर चादर टाकायचे. हौसेला मोल नाही म्हणतात, त्यातला प्रकार.

गेकोला मात्र हा थाट मानवेना. तिनं अळ्यांना तोंड लावणं सोडलं. कोपऱ्यात डोकं खुपसून पडून राहायची आणि शेपटी वाळत चालली होती. ताई बाजारात गेल्याचं बघून मिस्त्रींनी दुकानदाराला घरी बोलावलं.

दुकानदारानं चादर उचलली आणि डोळ्यांवर हात धरला. "मिस्त्री, हिला विकायला काढलीय की काय?"

"का हो?"

"अहो, दिवसभर दडून बसणारी जात ही. तुम्ही तिला दिव्याखाली बसवलीत, वर आरशात शेजारणी दाखवताय. बिचारी जेवेल कशी? तिला एक उबदार बीळ हवं, एक गार हवं, एक ओलसर हवं. अशीच उपाशी राहिली तर मलाच परत न्यावी लागेल."

झालं. जन्मभर दाखवायची कला शिकलेल्या माणसाला आता लपवायला शिकायचं होतं, आणि ते फार जड गेलं. आरसे उतरवताना मिस्त्रींचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी तिन्ही बाजूंना तपकिरी कागद डकवला, दिवे काढले, एका टोकाला पेटीखाली विजेवर तापणारी उबेची चटई बसवली. फुटक्या कुंड्या पालथ्या घातल्या, झाडाच्या सालीचा बोगदा केला, डब्याला भोक पाडून आत ओलं शेवाळ भरलं. गेकोनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि कुंडीखाली शिरली ती शिरलीच. सकाळी वाटीतल्या अळ्या फस्त. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणत मिस्त्रींनी चादरीची घडी करून कपाटात टाकली.

आणि नेमकी तेव्हाच ताईंच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

"आत आहे ना ती?" केर काढताना त्यांनी विचारलं.

"आहे की."

"मला तर नुसती खापरं दिसतायत."

"मग चांगलंच आहे ना. तुझी अटच तशी होती."

ताईंची झोप उडाली. त्या चपला झटकून घालू लागल्या, उशा उलटसुलट करू लागल्या. एकदा तर त्यांनी पिठाच्या डब्यात डाव घालून पाहिला. शेवटी कमरेवर हात ठेवून त्या मिस्त्रींच्या दारात उभ्या राहिल्या.

"ती आत आहे हे आज मला दाखव. नाहीतर पेटीसकट सगळं बाहेर."

"आणि दाखवली तर?"

"तर ठरल्याप्रमाणे दुकानात परत."

इकडे आड, तिकडे विहीर. मिस्त्री हरले. बाहेर काढण्यापेक्षा परत पाठवलेली बरी, निदान दुकानात जाऊन भेटता तरी येईल. त्यांनी पेटीसमोर स्टूल मांडलं, खोलीतला दिवा मालवला आणि म्हणाले, "बस इथं. अंधारून आलं की येते ती." मग ते बाहेर जाऊन भिंतीला टेकले.

बऱ्याच वेळानं मिस्त्रींनी दाराच्या फटीतून पाहिलं. खिडकीतून येणाऱ्या अंधूक उजेडात गेको कुंडीबाहेर आली होती. तिनं ऐसपैस जांभई दिली, ओठ चाटले, डुलत डुलत काचेपाशी आली आणि मान वर करून ताईंकडे बघत बसली. ताईंचं नाक काचेला टेकलं होतं. गेकोनं सावकाश डोळे मिटले, उघडले. ताईंनीही मिटले, उघडले.

संपलं सगळं, असं मनाशी म्हणत मिस्त्री आत गेले. "दिसली?"

ताई उठल्या. पदर सारखा केला. काचेवर नाकाचा डाग पडला होता, तो त्यांनी पदरानं पुसला.

"छे. काही म्हणजे काही दिसलं नाही," त्या म्हणाल्या. "उद्या परत बघावं लागेल. हे स्टूल इथंच राहू दे, ही पेटीही रोजच्या फेरीत धरते."

ताई दारापर्यंत गेल्या आणि वळल्या.

"आणि तिला अळ्या जरा बारीक देत जा. केवढंसं तोंड ते."