सेफोचं अर्धं वाक्य

लकव्यानं सेफोचा उजवा हात गेला आणि जीभ जड झाली. शब्द मनात असायचा, पण तोंडापर्यंत यायला फार वेळ घ्यायचा. तेवढा धीर त्याच्या बायकोला, मासिनाला नव्हता. तो "को..." म्हणाला की ती कोकोचा पेला पुढं करायची, "च..." म्हणाला की चटई ओढायची. नवऱ्याच्या मनातलं हिला आधीच कळतं, असं गावभर कौतुक होतं. तिलाही ते आवडायचं.

एका रविवारी चर्चहून येऊन दोघं जेवायला बसणार, तोच भिंती नसलेल्या त्यांच्या घराच्या खांबाशी आलापाती येऊन उभा राहिला. सेफोचा धाकटा भाऊ. ऑकलंडला गेला तो आईच्या मातीलाही आला नव्हता. सासूचं अंथरुणातलं सगळं मासिनानंच एकटीनं काढलं होतं.

"कसा आहेस, दादा?" तो चटईवर टेकला.

सेफोचे डोळे भरून आले. "तू... प... परत..."

"परत जा म्हणतायत," मासिना बोलून गेली.

आलापातीनं भावाकडं पाहिलं. सेफो जोरजोरात मान हलवत होता, पण ती हो म्हणून की नाही म्हणून, ते त्याला कळलं नाही. "बरोबरच आहे त्याचं," असं पुटपुटत त्यानं पिशवी उचलली आणि तो रस्त्याला लागला.

सेफोनं डाव्या हातानं चटई बडवली. "आ... आलास! परत... आलास!"

मासिनाच्या हातातलं ताट तसंच राहिलं. मग ती अनवाणीच धावत सुटली. आलापाती चर्चच्या भिंतीशी उभा होता. आसपास बायका गप्पा मारत होत्या.

"भावजी, थांबा. ते 'जा' म्हणालेच नाहीत. ते मी म्हटलं. माझ्याच मनातलं होतं ते."

बायकांच्या माना वळल्या. मासिनाचे कान तापले.

"मग वहिनी, तुझं तरी कुठं चुकलं?" आलापाती म्हणाला.

"ते नंतर भांडू. आता चला, तारोचे उकडलेले कंद निवतायत."

दुपारभर सेफो एकेक शब्द ओढून काढत राहिला आणि आलापाती वाट बघत बसला. मासिना मागं, तोंडावर पदरासारखा तळवा धरून. संध्याकाळी सेफो तिच्याकडं वळला. "मा..."

मासे हवेत, की मान दुखतेय? दोन्ही तिच्या जिभेवर आलं, पण ती बोलली नाही.

"मासिना," तो म्हणाला.

लकव्यानंतर आपलं नाव त्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच पुरतं ऐकत होती. आजवर दर वेळी त्याच्या "मा..."वर तीच मध्ये बोलली होती. तिला मान वर करवेना.