भंडाऱ्याची आण

"फोटो काढायचा तर तलाठ्यानं काढावा! पगार त्यो घेतो, आन् उन्हात आपून नाचायचं व्हय?" बिरोबाच्या देवळात मायाप्पा गरजला, आणि आम्ही माना डोलावल्या. पिकाची नोंद म्हणे आता ज्यानं त्यानं रानात उभं राहून मोबाइलवर करायची. रानात रेंज नाही, ॲप नुसतं गोल गोल फिरतं. मग अख्ख्या गावानं देवापुढचा हळदीचा भंडारा उचलून आण घेतली, की तलाठी बांधावर येईस्तोवर कुणी नोंद करायची नाही.

निंगव्वानंही भंडारा उचलला. तिनं खरं तर उचलायला नको होता. नवरा गेल्या साली वारला, दोन एकर रान तिनं एकटीनं पेरलं. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसली की रान पडीक दिसतं, आणि त्या रानावर दीर मायाप्पाचा डोळा. "वैनी, झेपत न्हाय तर मला द्या की," हे त्याचं पालुपद.

वेळअमावस्येला तिनं मायाप्पासकट आम्हाला रानात जेवायला बोलावलं. डोक्याएवढी ज्वारी, मधोमध कडब्याची खोप, खोपीत पाच दगडांचे पांडव मांडून पुजलेले. आंबील, भज्जी, उंडे. सोलापुरात नोकरी करणारी तिची लेक अपेक्षाही आली होती. वाढता वाढता तिनं विचारलं,

"अव्वा, पिकाची नोंद केलीस न्हवं? काल मुदत संपली."

"न्हाय गं. गावानं आण घेतलीया. कुणीच केली न्हाय."

अपेक्षा मोबाइल घेऊन बांधावर चढली. तिथं जरा रेंज यायची.

"नोंद केली की नाव हिरवं हुतंय, अव्वा. गावातली समदी नावं दिसत्यात. सोमशेखरअण्णा, हिरवं. मायाप्पाकाका, हिरवं..."

मायाप्पाचा घास हातातच राहिला. "पोरानं केलं आसंल. मला काय ठावं?"

"येडूमामा, हिरवं."

येडू म्हणजे मीच. परवा पहाटे गुपचूप जाऊन फोटो काढून आलो होतो, आणि गावात आपण एकटेच शहाणे असं समजत होतो. लई लाज वाटली.

अपेक्षानं मोबाइल खाली केला. "अव्वा, तुझंच तेवढं न्हाय."

निंगव्वा ज्वारीकडं बघत राहिली. मग तिनं आंबिलीचं मडकं उचललं आणि आधी मायाप्पाला वाढलं, मग मला.

"माना खाली का घातल्या? जेवा की पोटभर," ती म्हणाली. "पडीक रानातलं हाय."